घरजावयाची फांदी

फांदी आणायची म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं कठडेसाहेब म्हणाले, तेव्हा वहिनींनी हातातली बशी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसून घेतलं. संसार मुरला की बाईला बरोबर कळतं, नवऱ्याच्या कुठल्या वाक्याला उभं राहायचं आणि कुठल्या वाक्याला बसून घ्यायचं. मागे एकदा असंच पाच मिनिटांचं काम म्हणून साहेबांनी न्हाणीघरातला गळका नळ हातात घेतला होता, तेव्हा खालच्या मजल्यावरचं कुटुंब आठवडाभर मावशीकडे राहायला गेलं होतं. ती मावशी अजून साहेबांशी बोलत नाही.

कठडेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. सरकारी इमारतींच्या जिन्यांचे कठडे तपासायचे, ही त्यांची नोकरी. हसू नका. तुम्ही-आम्ही जिना उतरताना कठड्यावर हात ठेवतो आणि विसरून जातो. पण तो हात खाली सुखरूप पोचतो तो कोणामुळे? साहेबांची तपासणीची रीत साऱ्या खात्यात गाजलेली होती. खिशातून रेशमी रुमाल काढायचा, कठड्यावर अंथरायचा आणि वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत हलक्या हाताने ओढत न्यायचा. एक धागा जरी कुठे अडकला, तरी कठडा नापास. मग ठेकेदार पाया पडो नाहीतर डोकं आपटो. एका नाट्यगृहाचं उद्घाटन त्यांनी एका कुसळापायी इतकं लांबवलं होतं, की पडदा वर गेला तोवर नटांना नाटकातलं एकही वाक्य आठवत नव्हतं. या कामगिरीबद्दल खात्याने त्यांना एक लाकडी ढाल दिली होती. ढालीच्या मागच्या बाजूला कुसळ होतं. साहेबांनी ती परत पाठवून, घासून घेऊन मगच स्वीकारली.

तर फांदी हवी होती सापाला.

साप लेकीचा. बिनविषारी, झाडावर चढणारा, मनगटाएवढा जाड, तपकिरी अंगावर मधाच्या रंगाचे पट्टे. स्वभावाने इतका गरीब, की घरात आला त्या दिवशी वहिनी किंचाळल्या तर तोच घाबरून लेकीच्या बाहीत शिरला. वहिनींनी त्याचं नाव पहिल्याच आठवड्यात ठेवून टाकलं: घरजावई. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दिवसभर लोळतो, कामाचं नाव नाही, तोंडातून शब्द नाही, आठवड्यातून एकदा जेवतो आणि तेही त्याला हवं तेच, आणि आमची लेक त्याच्यावर जीव टाकते. आता याला दुसरं काय म्हणायचं? घरजावयाचं जेवण, म्हणजे गोठवलेले उंदीर, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात असे. त्या डब्यावर वहिनींनी फडकं टाकलं होतं आणि त्या कप्प्याशी बोलणं सोडलं होतं.

पण घरजावई वाढला. त्याची पेटी त्याला पुरेना. लेक नोकरीची, स्वतःच्या पायावर उभी. तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली बघून ठेवली. तिथल्या घरमालकाला साप चालत होता. लगेच काही ठरलं नव्हतं. आधी तिला नोकरीच्या एका प्रशिक्षणाला परगावी जायचं होतं, परत आल्यावर किल्ली घ्यायची की नाही ते सांगायचं होतं. "इथे त्याची नीट सोय होत असेल तर मी कशाला जाऊ, बाबा?" एवढंच ती जाताना म्हणाली. ती गेल्यावर वहिनींनी तिचा कप विसळून ठेवला. मग म्हणाल्या, "एकदा गेली की मग पाहुणी म्हणून येईल. चहा पिईल आणि घड्याळ बघेल."

हे वाक्य साहेबांना कुसळासारखं रुतलं. त्यांनी त्याच संध्याकाळी दिवाणखान्यातली काचेची शोकेस रिकामी केली. चिनी मातीची भांडी पलंगावर गेली, ढाल फ्रीजवर गेली, शोकेसच्या दारांना जाळी बसली, आत उबेचा दिवा लागला. राहिली एक फांदी. लेकीने फोनवर समजावून सांगितलं: खऱ्या झाडाची हवी, चीक येणाऱ्या किंवा उग्र वासाच्या लाकडाची नको, औषध फवारलेली तर मुळीच नको, जाडी त्याच्या अंगाएवढी, घासून धुवायची, भाजून घ्यायची म्हणजे किडे मरतात, पक्की बसवायची, आणि रंग, पॉलिश असलं कुठलंही रसायन लावायचं नाही. आपल्या वडिलांना ती ओळखून होती, म्हणून शेवटी म्हणाली, नाहीतर मी येईपर्यंत थांबा. हे शेवटचं वाक्य ऐकायला साहेब फोनवर नव्हते. ते फुटपट्टी घेऊन सापाची जाडी मोजायला गेले होते.

झाडही ठरलं. इमारतीमागच्या सार्वजनिक बागेत पेरूचं एक जुनं झाड होतं आणि परवाच्या वाऱ्याने त्याची एक फांदी खाली आली होती. काय फांदी होती. मधे एक ऐटदार बाक, पुढे दोन फाटे, जाडी नेमकी घरजावयाएवढी. दुसरा कोणी असता तर काखेत मारून घरी आला असता. पण साहेब सरकारी माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम दाखवलेला माणूस स्वतः फांदी पळवतो म्हणजे काय? शिवाय समोरच्या दारातले वकील तिथे फिरायला आले होते आणि त्यांनी न विचारता मत दिलं की पडलेली फांदी ही स्थावर की जंगम, हा मोठा गहन प्रश्न आहे. या वकिलांची ख्याती अशी की त्यांच्याकडे पक्षकार येत नसत, त्यामुळे शेजाऱ्यांना सल्ला द्यायला त्यांना भरपूर वेळ मिळे.

साहेब बागखात्यात गेले. तिथला अधिकारी सज्जन होता. त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि झाड कधी तोडायचं आहे ते विचारलं. साहेब म्हणाले, तोडायचं नाहीच, पडलेली फांदी उचलायची आहे. अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. तोडण्याची परवानगी देता येते, तो म्हणाला, कारण तशी तरतूद आहे. उचलण्याची तरतूद नाही.

"मग ज्यांना पडलेली फांदी हवी असते ते काय करतात?"

"झाड तोडतात," अधिकारी म्हणाला.

तरी माणूस सज्जन. त्याने कागद पुढे ओढून निदान कारण तरी विचारलं. साहेबांनी आयुष्यात कधी सरकारी कागदावर खोटं लिहू दिलं नव्हतं. ते म्हणाले, सापासाठी. अधिकाऱ्याने ठिकाणाच्या रकान्यात बाग लिहिलं, कारणाच्या रकान्यात साप लिहिलं आणि कागद वर पाठवला. आता वरच्या माणसाने कागद वाचायचा तो कसा? तो वरूनच वाचणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेच्या फाटकावर पाटी लागली: बागेत साप, प्रवेश बंद.

या पाटीने पहिला तडाखा बसला तो वहिनींना. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी रोज सकाळी बागेत फिरत. फिरत म्हणजे एक फेरी मारून उरलेला वेळ बाकावर बसून सुनांचं वजन कमी करत. बाग बंद, म्हणून सगळं मंडळ वहिनींच्या दिवाणखान्यात आलं. तिथे पलंगावर कपबशा मांडलेल्या, फ्रीजवर ढाल आणि शोकेसमधे नुसता दिवा. मंडळाने एकमेकींकडे पाहिलं. एकीने हळूच विचारलं की घरजावई आला आहे असं कानावर आलं ते खरं का. वहिनी म्हणाल्या, आला आहे, पण सध्या कात टाकायच्या बेतात आहे, त्याला त्रास नको. मंडळ चहा न घेता उठलं.

साहेब पुन्हा बागखात्यात गेले, चूक दुरुस्त करायला. अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. साप बागेत नाही हे त्याला पटलं. पण पाटी काढायची तर साप पकडल्याची नोंद हवी आणि नसलेला साप पकडायचा कसा, यावर तो आणि साहेब दोघेही बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. वकिलांनी संध्याकाळी तोडगा सुचवला. तुमच्याकडे एक आहेच की, ते म्हणाले, तोच न्या, पकडला म्हणा, विषय संपला. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते रंगाचा हात मारून भेग लपवणाऱ्या ठेकेदाराकडे बघत.

"जावई आहे तो आमचा," साहेब म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. वहिनी स्वयंपाकघरातून वाकून बघून गेल्या.

शेवटी बागखात्याने आपल्या परीने मार्ग काढला. सापाला दडायला जागाच ठेवायची नाही, असं वरून ठरलं. माणसं आली, झुडपं छाटली, पाला गोळा केला, पडलेलं सगळं लाकूड उचललं आणि गाडी नादुरुस्त असल्यामुळे तो ढीग तात्पुरता जवळच्या मोकळ्या जागेत ओतला. जवळची मोकळी जागा म्हणजे साहेबांच्या इमारतीचं फाटक. सकाळी साहेब दूध आणायला उतरले तर ढिगाच्या अगदी वर, आपला ऐटदार बाक दाखवत, ती पेरूची फांदी त्यांची वाट बघत पडली होती. जी उचलायची तरतूद नव्हती ती खात्याने स्वतः उचलून दाराशी आणून टाकली होती. साहेबांनी तरीही वकिलांना साक्षीला बोलावलं आणि मगच तिला हात लावला.

इथे कोणाही समंजस माणसाची गोष्ट संपली असती. साहेबांची सुरू झाली.

फांदी धुतली, ब्रशने घासली. भाजायची तर भट्टी हवी आणि घरात भट्टी एकच, वहिनींचा ओव्हन. या ओव्हनमधे वहिनी केक आणि बिस्किटं करत आणि साहेबांना त्याच्या दारालाही हात लावायची मुभा नव्हती. लेकीचं नाव सांगून परवानगी मिळाली, पण फांदी ओव्हनपेक्षा लांब निघाली. कापायला साहेब तयार नव्हते, बाक बिघडेल. मग ठरलं असं की मंद आचेवर अर्धी आत, अर्धी बाहेर, उघड्या दाराला जाड ओली फडकी, आणि एक बाजू झाली की दुसरी. बाहेरचं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. वकील मोकळेच होते.

आता फांदी बाहेरून धुतली तरी तिच्या पोकळीत मुंग्यांचं एक जुनं, प्रतिष्ठित घराणं नांदत होतं. आतून ऊब लागली तसं त्यांनी घर सोडायचं ठरवलं. आगीकडे कोणी जात नाही. सगळी वरात शिस्तीत बाहेरच्या टोकाकडे निघाली. बाहेरचं टोक वकिलांच्या बगलेत होतं. वकील त्या वेळी भाडेकरूंच्या हक्कांवर बोलत होते. बोलता बोलता ते एकदम गप्प झाले, त्यांच्या चेहऱ्यावर एखादा जुना खटला आठवल्यासारखा भाव आला आणि मग त्यांनी जे काही केलं त्याला नाच म्हणायचं की कवायत, याबद्दल इमारतीत अजून दोन मतं आहेत. फांदी मात्र त्यांनी सोडली नाही. पक्षकाराचा विश्वासघात त्यांनी कधी केला नव्हता, हे मान्य करायला हवं.

फांदी भाजून निघाली. मग आली वजनाची चाचणी. लेक म्हणाली होती पक्की हवी, आणि खात्याचा नियम असा की कठड्याने त्यावर येणाऱ्या भाराच्या अनेक पट भार पेलला पाहिजे. साहेबांनी दोन खुर्च्यांच्या पाठींवर फांदी आडवी टाकली आणि तिला एकेक वस्तू लटकवायला सुरुवात केली. पिठाची पिशवी झाली. इस्त्री झाली. वकिलांची कायद्याची पुस्तकं दोरीत बांधून झाली. फांदी ढिम्म. शेवटी स्वतः वकील. अंगाला मलम लावून आलेला तो बापडा आधी नाही म्हणाला, पण मैत्रीखातर फांदीवर टेकला. कडकन आवाज झाला. धूळ खाली बसल्यावर पाहिलं, तर फांदीला ओरखडा नव्हता. खुर्ची नापास झाली होती. वकिलांचं काय झालं हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, पण पुढे बरेच दिवस ते आपली मतं उभ्यानेच देत होते.

आणि मग, जाळीच्या दारातून फांदी आत जाणार, एवढ्यात साहेबांचा हात सवयीने खिशात गेला. रेशमी रुमाल बाहेर आला. फांदीवर अंथरला गेला. आणि पहिल्याच वितीत अडकला.

तुम्ही म्हणाल, अडकू दे. फांदी आहे ती, जिना नाही. पण सगळ्या शहराचे तळहात ज्याने जपले, त्याने स्वतःच्या घरात, स्वतःच्या जावयाला, कुसळाच्या लाकडावर चढवायचं? साहेबांनी रजा टाकली. जाड काचकागद, मग मध्यम, मग बारीक, मग त्याहून बारीक, जो ते खात्रीच्या ठेकेदाराकडून खास मागवत. साल गेली. गाठी गेल्या. खाचा भरून नाही, पण झिजून गेल्या. पॉलिश नको असं लेकीने बजावलं होतं, आणि साहेब सूचना पाळणारे. म्हणून त्यांनी स्वयंपाकाचं शुद्ध तेल घेतलं आणि सुती फडक्याने फांदीला असं चोळलं, असं चोळलं, की तिच्यात वहिनींना आपला चेहरा दिसला. त्यांनी त्यात केस सारखे केले. रुमाल या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, न थांबता, न कुरकुरता, पाण्यावरून गेल्यासारखा. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका सुंदर कठडा त्यांच्या हातून कधी पास झाला नव्हता.

गृहप्रवेशाला वहिनी होत्या, वकील होते (उभे). साहेबांनी वहिनींचे ओव्हनचे हातमोजे चढवले, घरजावयाला पेटीतून उचललं आणि फांदीच्या वरच्या टोकाला ठेवलं. घरजावयाने एक वेढा घातला. जीभ बाहेर काढून आसपासची चौकशी केली. दुसरा वेढा घातला. आणि मग, कसलीही घाई न करता, एखादा प्रतिष्ठित गृहस्थ झोपेत खुर्चीवरून उतरतो तसा, तो वेढ्यासकट गोल फिरला, फांदीच्या खाली आला, तसाच बाकावरून घरंगळत गेला आणि फाट्याशी पोचल्यावर धप्पकन तळाशी पडला. डोकं पाण्याच्या वाटीत.

घरजावयाने डोकं वर काढलं, पुन्हा चढायचा प्रयत्न केला, आणि पुन्हा धप्प. तिसऱ्यांदा तो फांदीच्या नुसता पायथ्याशी जाऊन आला.

"घसरगुंडी म्हणून उत्तम आहे," वकील म्हणाले. मुंग्या आणि खुर्ची या दोन्हींचा हिशेब त्यांनी या एका वाक्यात चुकता केला.

त्या दुपारी लेकीचा फोन आला. उद्या ती परतणार होती. त्याचे डोळे दुधाळ होऊन पुन्हा निवळलेत का, तिने विचारलं. साहेबांनी बघून सांगितलं, हो, आणि अंगही राखेसारखं झालंय. मग कात टाकायला आलाय, ती म्हणाली. काहीतरी खरखरीत सापडलं की त्यावर नाक घासून कात सोडायला लागतो. आणि फांदी कशी झालीय?

साहेब खोटं बोलत नसत. "कठड्यासारखी," ते म्हणाले.

मग लेक अगदी मऊ आवाजात म्हणाली, "असू दे, बाबा. तुम्ही खूप केलंत. उद्या मी टॅक्सी खाली थांबवूनच वर येते. किल्ली घ्यायलाही जायचंय."

साहेबांनी फोन ठेवला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. गॅलरीचा कठडा त्यांनीच पास केला होता. त्यावर हात ठेवायचं त्या दिवशी त्यांना सुचलं नाही.

वहिनी शोकेससमोर बसल्या होत्या. एरवी त्या तिकडे पाठ करून बसत. घरजावई तळाशी पडून फांदीला नाक लावत होता, वर नेत होता, खाली आणत होता. नाक नुसतं सटकत होतं. पुन्हा लावत होता. न रागावता, न थकता, जसं काही फांदीचं काही चुकलं नसून आपल्यालाच घासता येत नाही. वहिनींनी ते बराच वेळ पाहिलं. मग त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि हातात किसणी घेऊन आल्या.

"अहो, आत या," त्या म्हणाल्या. "त्याला नाक घासायला काही नाहीये."

साहेबांनी किसणी पाहिली आणि त्यांना कळलं. सावकाश आत येऊन त्यांनी फांदी बाहेर काढली, दोन्ही हातांनी धरली आणि तोंड भिंतीकडे केलं. ते तेल आधी गरम पाण्याने आणि ब्रशने काढावं लागलं, मग उन्हात वाळवण झालं, मग पहिला ओरखडा ओढला गेला. तो आवाज मी तुम्हाला काय सांगू. सोन्यासारख्या कठड्यावर किसणी. साहेबांच्या खांद्याला प्रत्येक घासाला झटका बसत होता. वहिनी मात्र रंगात आल्या होत्या. किसणीचं काम संपलं तशी त्यांनी सुरी घेतली, आणि सुरी बोथट झाली तसं त्यांनी साहेबांचीच कानस मागितली.

साहेब वळले. कानस त्यांनी वहिनींच्या हातात दिली नाही, स्वतः धरली. गेलेल्या गाठींच्या जागी त्यांनी आडव्या खाचा पाडल्या, बाकाच्या वरच्या अंगाला तिरकस रेघा ओढल्या. मधेच त्यांनी सुचवून पाहिलं की खरखरीतपणासुद्धा सगळीकडे सारखा असायला हवा, पण वहिनींनी नुसतं बघितलं आणि सूचना मागे घेण्यात आली. ढिगात पेरूच्या चार काटक्या सालीसकट राहिल्या होत्या, त्याही धुऊन-भाजून फाट्यांना घट्ट बांधल्या. या वेळी ओव्हन वहिनींनी आपण होऊन लावला. वकिलांना बोलावलं नाही.

शेवटी साहेबांनी रुमाल काढला. फांदीवर अंथरला आणि ओढला. तो वितीभर गेला आणि अडकला. त्यांनी सोडवला, ओढला. पुन्हा अडकला, एक धागा लांबलचक निघून आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो असा रडत, कुरकुरत, फाटत गेला. साहेबांनी त्याची घडी घातली.

"पास," ते म्हणाले.

सकाळी कात फांदीवर होती. वरच्या फाट्यापासून बाकापर्यंत, उलट्या काढलेल्या लांब मोज्यासारखी, अखंड, डोळ्यांच्या खपल्यांसकट. आणि घरजावई बाकावर वेढे घालून, नवा कोरा, मधाचे पट्टे लखलखत, हनुवटी फाट्यावर टेकून झोपला होता. वहिनींनी शेजारच्या कपाटावरची धूळ उगाचच दोनदा पुसली.

लेक दुपारी आली. खांद्यावर पिशवी, पायात बूट, खाली टॅक्सी. दारातूनच म्हणाली की पेटी तेवढी द्या. कोणी दिली नाही. मग तिची नजर शोकेसकडे गेली आणि ती बुटांसकट आत आली. एरवी यावर वहिनी बोलल्या असत्या. लेकीने जाळीचं दार उघडलं, हात आत घालून फांदीवरून फिरवला, आणि झटकन मागे घेतला.

"बाबा, कुसळ गेलं."

साहेबांचा चेहरा असा उजळला, जसा ढाल मिळाली तेव्हाही उजळला नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कामावर कोणाच्या हातात कुसळ गेलं नव्हतं. ते घाईने पुढे झाले आणि तिचं बोट पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमाल उलगडला. आरपार निघालेले धागे खाली लोंबायला लागले.

लेक लहानपणापासून तो रुमाल ओळखत होती. तिला तो कधी नाक पुसायला मिळाला नव्हता. तिने रुमालाकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं, फ्रीजवरच्या ढालीकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "सुई आण. आणि उजेडात बस, घाई नको." मग पायाने पायातले बूट काढत म्हणाली, "बाबा, खाली टॅक्सी उभी आहे हो. नको म्हणून सांगून या."

साहेब जिना उतरून गेले. टॅक्सीवाला वाट बघून कंटाळला होता. त्याने विचारलं, सवारी कुठाय आणि ती पेटी का काय ती आणायची होती ना. साहेब म्हणाले, आता कोणी जात नाही. घरजावई इथेच राहणार, कायमचा.

टॅक्सीवाल्याने गाडी सुरू करता करता हात थांबवला आणि साहेबांकडे फार आपुलकीने पाहिलं.

"खातो का फार?"

"आठवड्यातून एकदा."

"मग साहेब, तक्रार करू नका," तो म्हणाला, आणि सुस्कारा टाकून त्याने गाडी वळवली. "आमच्याकडचा दिवसातून चारदा."